धरमपेठेतला वरचा मजला

वाचक भगिनीचं पत्र:

नागपुरात मनीषनगरला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, वीस वर्षं तिथेच राहतोय. यजमान वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्समधून) निवृत्त झाले, माझ्या शाळेची अजून दोन वर्षं आहेत. मुलगा पुण्याला असतो. दोन महिन्यांपूर्वी एका ओळखीच्या दलालाने धरमपेठेत एक घर दाखवलं. दुमजली, १९३८ सालचं. वरचा अख्खा मजला विकायचा आहे, चौदाशे चौरस फूट. सागवानी जिना, पुढे कमानींचा व्हरांडा, खोल्यांत नक्षीच्या फरशा, तेरा फूट उंचीचं छत, वर मंगलोरी कवेलू (कौलं). शाळेत असल्यापासून मी धरमपेठेतली असली घरं रस्त्यावरूनच बघत आले. घर तीन भावांचं आहे. खाली थोरले राहतात, पुढची खोली त्यांनी एका बुटीकला भाड्याने दिली आहे. वरचा मजला धाकट्या दोघांच्या वाट्याला आलाय, असं ते सांगतात. दोघंही बाहेरगावी असतात. एक बहीण रायपूरला दिली आहे, तिला काही नकोय म्हणे. किंमत एक कोटी सत्तर लाख. मनीषनगरचा फ्लॅट आणि यजमानांचा सगळा पीएफ मिळून बरंचसं जमतं, बाकीचं कर्ज. दलाल म्हणतो, पाच लाख बयाणा देऊन टाका, नाहीतर बिल्डर टपलेलाच आहे. जमीन लीजची आहे, पण इकडे सगळ्यांचीच असते. यजमान म्हणतात, नव्वदीला आलेलं घर घेऊन म्हातारपणी डागडुजी करत बसायचं का? मुलगा म्हणतो, वर्धा रोडला लिफ्टचा नवा फ्लॅट बघा. मला ते घर फार आवडलंय. हा नुसता माझा हट्ट आहे का?

ताई,

हट्ट अजिबात नाही. तुम्हाला जे आवडलंय ते आवडण्यासारखंच आहे, आणि त्याचा संकोच वाटून घेऊ नका. पण पाच लाखांचा बयाणा आत्ता देऊ नका. तुमच्या पत्रावरून मला जे दिसतं ते असं, की घर चांगलं असावं, किंमतही धरमपेठेच्या मानाने अवाच्या सवा नाही, मात्र ते अजून विकण्याजोगं झालेलं नाही. ते तसं करून घेणं विकणाऱ्यांचं काम आहे. ते केलं तर घ्या, नाही केलं तर हात जोडून परत या.

आधी घराबद्दल, कारण तुमच्या यजमानांना त्याची किंमत कळायला हवी. १९३६ साली नागपूरला स्वतंत्र हायकोर्ट मिळालं आणि त्याच साली नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा झाला. शहर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. आज आपण बघतो ती हायकोर्टाची इमारत १९४० मध्ये सुरू झाली. वकील, प्राध्यापक, सरकारी अधिकारी पश्चिमेकडे प्लॉट घेऊन घरं बांधू लागले ती हीच वर्षं. त्यांनी ती नागपूरच्या उन्हाळ्यासाठी बांधली. विजेचा पंखा असला तर असला, या हिशेबाने. दीड फुटाच्या भिंती, छताजवळ झरोके म्हणजे गरम हवा वरून निघून जावी, पश्चिमेला व्हरांडा म्हणजे दुपारचं ऊन खोलीच्या भिंतीला लागू नये. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की अशा खोलीत आणि साडेनऊ फुटी स्लॅबखालच्या खोलीत किती फरक पडतो, हे दुपारी तीन वाजता आत उभं राहिल्यावर कळतं. विदर्भातलं जुनं सागवान, चुन्यातली विटांची भिंत, हाताने घडवलेली नक्षीची फरशी, हे आज त्या भावात कोणी बांधून देणार नाही. धरमपेठेत अशी घरं एकेक करून पडताहेत. एखादं राहिलं आणि त्यात आवडीने राहणारं माणूस आलं, तर मला स्वतःला त्याचा आनंदच आहे.

आता मुद्द्याचं. वरचा मजला दोघा धाकट्यांच्या 'वाट्याला आलाय', असं ते सांगतात. कोणत्या कागदाने आलाय? रजिस्टर्ड वाटणीपत्र आहे का? घरात बसून ठरवलेली वाटणी घरातल्या लोकांपुरती चालते. तुम्ही बाहेरच्या आहात. वाटणीपत्र नसेल तर ते तुम्हाला मजला विकत नाहीत, एका अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा विकताहेत. अशा खरेदीबद्दल मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४४ वं कलम स्पष्ट आहे: राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तर त्याला घरातल्यांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही, त्याने वाटणीचा दावा लावायचा. आणि दावा लावला की १८९३ च्या वाटणी कायद्याचं चौथं कलम समोर येतं. त्याखाली थोरले म्हणू शकतात, 'यांचा हिस्सा मीच विकत घेतो, कोर्टाने किंमत ठरवावी.' म्हणजे रजिस्ट्री तुमच्या नावावर, पैसे दिलेले, आणि तुम्ही नागपूरच्या दिवाणी न्यायालयात तारखा मोजताय. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या २२ व्या कलमाने सहवारसाला आधी विकत घेण्याचा हक्क दिलेला आहे, तोही थोरल्यांकडे असू शकतो.

रायपूरच्या बहिणीला काही नकोय, हे तुम्हाला कोणी सांगितलं? भावांनी, नाहीतर दलालाने. तिने सांगितलेलं नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर मुलगी मुलांइतकीच वारस आहे. घर वडिलोपार्जित असेल तरी २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील त्या वेळी हयात असोत वा नसोत तो हक्क आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्वच्छ सांगितलं आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर झालेली वाटणी असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून त्या कागदाची तारीख बघायची. नाहीतर बहिणीचं हक्कसोडपत्र लागेल, आणि तेही रजिस्टर केलेलं. फोनवर 'मला काही नको दादा' म्हटल्याने स्थावरातला हक्क सुटत नाही. माझा आग्रह आहे की तुम्ही तिच्याशी स्वतः बोला. कागदासाठी बोलाच, पण त्या घरात ती लहानाची मोठी झाली आहे, माहेरचं घर विकलं जातंय आणि तिला कोणी नीट विचारलंही नसेल, ही शक्यता मला फार वाटते. तिचं मन दुखावलेलं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. पुढे तिची मुलं नोटीस पाठवतील तेव्हा तुम्ही सत्तरीत असाल.

यावर सरळ तोडगा आहे. तिन्ही भाऊ आणि बहीण मिळून रजिस्टर्ड वाटणीपत्र करतील, आणि त्यात खालचा आणि वरचा मजला असे दोन स्वतंत्र वाटे करतील. प्रत्येक मजल्याबरोबर जमिनीतला आणि सामाईक जागेतला हिस्साही त्यात टक्केवारीत लिहायला सांगा. जमीन लीजची असल्याने लीजच्या अटींत हे बसतं का, ते वकिलांनी आधी तपासायचं. आणि सगळ्यात सोपा उपाय, म्हणजे थोरल्यांनी तुमच्या विक्रीपत्रावर संमती देणारे म्हणून सही करणं, तो तर हवाच हवा.

लीजबद्दल दलाल म्हणतो ते अर्धं खरं आहे. पश्चिम नागपुरातले बरेच जुने प्लॉट नझूलच्या (शहरातल्या सरकारी जमिनीच्या) किंवा सुधार प्रन्यासच्या लीजवर आहेत, आणि अशी घरं रोज विकली जातात. पण ज्यांची लीज चालू आहे, भुईभाडं भरलेलं आहे आणि अटी मोडलेल्या नाहीत, ती सुखाने विकली जातात. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, आजच्या तारखेची. दलालाने दाखवलेली झेरॉक्स चालणार नाही. पत्रिकेवर सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते, लीजधारक म्हणून कोणाकोणाची नावं, लीजची मुदत, सगळं दिसेल. अजून वडिलांचं किंवा आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसांची नावं चढली पाहिजेत. लीज १९३८ ची आणि तीस-तीस वर्षांची असेल, तर ती १९६८ ला, मग १९९८ ला वाढवून घेतलेली असायला हवी, आणि पुढचं नूतनीकरण २०२८ ला, म्हणजे नेमकं तुमच्या डोक्यावर येतं. १९९८ चं झालंच नसेल, हेही होतं. तेव्हाची थकबाकी आणि दंड विकणाऱ्यांनी भरायचा, हे किमतीत आत्ताच धरा. जमीन फ्रीहोल्ड (पूर्ण मालकीची) करून घेता येते का, दर काय, योजनेची मुदत किती, हे नझूल कार्यालयात जाऊन विचारा. या योजना बदलत असतात.

आणि ते बुटीक! तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय, पण माझी नजर तिथेच अडली. राहण्यासाठी दिलेल्या लीजच्या जमिनीवर दुकान चालत असेल तर तो शर्तभंग धरला जाऊ शकतो. नोटीस येते ती सगळ्या प्लॉटला. खालच्या खोलीत कपडे विकले जाताहेत आणि हस्तांतरणाची परवानगी तुमच्या वरच्या मजल्याची अडते, असं घडू शकतं. बुटीकवालीचा भाडेकरार रजिस्टर्ड आहे का, आणि त्या जागेचा वापर बदलण्याची परवानगी घेतली आहे का, हे दोन प्रश्न थोरल्यांना विचारा.

थोरल्यांना भेटायचं म्हणजे दलालाला वगळून, यजमानांना घेऊन, संध्याकाळी चहाच्या वेळी जा. उरलेलं आयुष्य तुमचं छप्पर आणि त्यांचं छत एकमेकांत गुंतलेलं राहणार आहे. तुमच्या न्हाणीतलं पाणी झिरपलं तर ते त्यांच्या देवघरावर गळेल. कवेलू फुटलं तर खर्च कोणी करायचा? जिना कोणाचा? पाण्याची टाकी, मोटर, मागची सांद, गाडी लावायची जागा? हे प्रश्न त्यांच्यापुढे मोकळेपणाने ठेवा आणि ते कसं उत्तर देतात ते बघा. थोरल्या वहिनी काय म्हणतात तेही ऐका. 'बघू, होईल सगळं' असं उत्तर आलं तर ते नकारार्थी समजा. 'लिहून घ्या' असं आलं तर अर्धी लढाई जिंकलात. त्यांना स्वतःला मजला विकत घ्यायचा होता का, हेही विचारा. भावाभावांत किमतीवरून बिनसलं असेल तर तुम्ही त्या भांडणाच्या मधोमध राहायला जाताय.

विक्रीपत्रात काय यायला हवं यावर मी अडून बसेन, तुम्हीही बसा. जमिनीतला अविभक्त हिस्सा आकड्यात लिहा. तुम्ही एक कोटी सत्तर लाख देताय ते मुख्यतः धरमपेठेतल्या जमिनीचे आहेत. घर उद्या पडलं किंवा पाडून नवीन बांधायचं ठरलं, तर तुमच्या हातात उरेल तो एवढाच. तो लिहिला नसेल तर तुम्ही कवेलू आणि फरशा विकत घेतल्या. छपरावरचा हक्क आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च, जिन्याचा वापर, महावितरणचा वेगळा मीटर, नळाचा वेगळा मीटर, घरटॅक्सची वेगळी नोंद, सगळं त्यात हवं. पुनर्विकास तुमच्या लेखी संमतीशिवाय नाही, हेही हवं. बिल्डर टपलेला आहे, हे मी खोटं मानत नाही. पण त्यालाही चारही वारसांच्या सह्या लागणार आहेत. त्या आजवर मिळाल्या असत्या तर घर एव्हाना पडलं असतं, म्हणून घाई करू नका.

आता यजमानांच्या शंकेकडे येते. घराची अवस्था डोळ्यांनी ठरत नाही. जुन्या भिंतबांधणीची माहिती असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या, फक्त आरसीसीचं काम केलेला नको. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीच्या संरचनेची तपासणी करून घेण्याची तरतूद महापालिका कायद्यातच आहे, त्यामुळे थोरल्यांना तो अपमान वाटण्याचं कारण नाही. दोन मजल्यांच्या मधलं छत कशाचं आहे ते आधी बघायला सांगा. त्या काळात पुष्कळ ठिकाणी लोखंडी गर्डर टाकून मध्ये विटांच्या उथळ कमानी करत. गर्डरचं मधलं अंग धडधाकट दिसतं, पण तो भिंतीत शिरतो तिथलं टोक गंजतं, विशेषतः न्हाणीच्या खाली. गंजलेलं लोखंड फुगतं आणि आजूबाजूची वीट फोडतं. खालच्या मजल्यावरून न्हाणीच्या बरोबर खालचा कोपरा बघा. तिथे तपकिरी ओघळ किंवा नुकताच दिलेला रंग दिसला तर तेवढंच प्लास्टर खरवडून दाखवायला सांगा. कवेलूखालच्या सागवानी वाशांना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं, भरीव आवाज यायला हवा. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, पण मागाहून बदललेल्या वाशांना आणि दारांच्या चौकटींना लागते, आणि ती भिंतीतून मातीच्या बारीक नळ्या करत वर चढते. भिंतींना तिरक्या भेगा असतील तर त्यावर तारीख घालून खूण करायची आणि एक उन्हाळा, एक पावसाळा बघायचं. नागपुरात कुठे मुरूम लागतो, कुठे काळी माती, आणि काळी माती पावसात फुगून उन्हाळ्यात आक्रसते. खूण केली त्या भेगा वाढल्या नाहीत तर घाबरू नका. वायरिंग आणि नळ मात्र सगळे नव्याने करावे लागतील, यात वाद नको. आणि कोणी सांगितलं की भिंतींना सिमेंटचं प्लास्टर मारून चकाचक करू, तर त्याला घरात घेऊ नका. चुन्याच्या भिंतीतली ओल सिमेंटमुळे आत कोंडते, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. चुन्याचं काम करणारा मिस्त्री शोधावा लागतो, पण मिळतो.

घर एकदा भर पावसात बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं आणि नाग नदीचं पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. तुम्ही वर राहाल, पण मीटर, मोटर आणि गाडी खालीच असणार.

पैशाच्या बाबतीत मी यजमानांच्या बाजूने आहे. सगळा पीएफ घरात घालून वर कर्ज, हे नको. तुमची नोकरी दोनच वर्षं आहे आणि एवढ्या जुन्या घरावर, त्यातही लीजच्या, बँका हात राखूनच कर्ज देतात. बँकेकडून लेखी मंजुरी आल्याशिवाय तो आकडा धरूच नका. दुरुस्तीचा खर्च इंजिनिअरकडून लिहून घ्या, त्यावर पाव हिस्सा चढवा, आणि दवाखान्यासाठी म्हणून जे बाजूला ठेवलंय त्याला हात लावू नका. एवढं करून बसत नसेल तर किंमत कमी करून मागा. वारसांच्या सह्या, थकलेली लीज आणि बुटीक ही तिन्ही तुमच्या बाजूची कारणं आहेत. घर फक्त तुमच्या नावाने घेतलं तर महिलेसाठीची मुद्रांक शुल्कातली एक टक्का सवलत मिळते, तेच एक लाख सत्तर हजार होतात. पन्नास लाखांच्या वरच्या खरेदीत एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची आहे. धाकट्यांपैकी कोणी परदेशात स्थायिक असेल तर कपात बरीच जास्त असते, तेव्हा सीएला आधी विचारा.

जिन्याचं काय? सागवानी जिना सुंदर आहे, पण तो रोज चढायचा आहे. पायऱ्यांची उंची मोजा. जुन्या घरांत ती आठ इंचांवर जाते आणि कठडा एकाच बाजूला असतो. यजमानांचे गुडघे आज कसे आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मागच्या बाजूने छोटी लिफ्ट बसवायला थोरले परवानगी देतील का, हे त्या चहाच्या वेळीच विचारून घ्या. ते नाही म्हणाले आणि गुडघे आजच कुरकुरत असतील, तर मुलाचं म्हणणं मला पटतं, आणि तेव्हा तुम्ही वर्धा रोडला जरूर जा.

दलालाला सांगा, बयाणा मिळेल, पण रीतसर बयाणापत्रावर, रजिस्टर करून, चारही वारसांच्या सह्यांनी, चेकने. बहिणीची सही, आखीव पत्रिकेवर वारसांची नावं आणि हस्तांतरणाची परवानगी या तीन अटी त्यात घाला, आणि त्या ठरल्या मुदतीत पुऱ्या झाल्या नाहीत तर रक्कम परत, असं स्पष्ट लिहा. तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) तुमच्या वकिलाने करायचा, दलालाच्या नव्हे. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची. तो म्हणेल, इतके कागद कोणी मागत नाही. मागतात, ताई.

सगळ्यात आधी रायपूरला फोन करा. त्या काय म्हणाल्या आणि आखीव पत्रिकेवर काय निघालं, ते मला कळवा. विक्रीपत्राचा मसुदा आला की छपराची आणि जिन्याची कलमं आपण बारकाईने बघू.